पहिलं भाडं

भाऊ नाबर पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हाती प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम आली आणि डोक्यात चार खोल्या आल्या. मुलुंडचं घर त्यांनी महायुद्धाच्या आधी स्वस्तात घेतलं होतं. पुढे ओटी, मग तीन खोल्या, त्यांच्या मागे स्वयंपाकघर आणि कोठीची खोली, आणि त्याच्याही मागे विहिरीपर्यंत रिकामी पडलेली जागा. तिथे एका रांगेत चार खोल्या काढायच्या, भाड्याने द्यायच्या आणि म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही, असा त्यांचा बेत होता.

"एकदा खर्च केला की संपलं," भाऊ म्हणाले. "नंतर नुसतं बसून भाडं घ्यायचं."

"संपत नाही भाऊ. तिथून सुरू होतो," पद्मजा म्हणाली.

पद्मजा ही त्यांची एकुलती एक मुलगी. बी.एस्सी. झालेली, पस्तिशीला टेकलेली, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. आई गेल्यापासून घर तिच्या पगारावर आणि भाऊंच्या थोड्याशा पेन्शनवर चालत होतं. ती कमी बोलायची. बोलायची ते पडताळून.

फंडात निम्मंच काम होणार होतं. उरलेल्या रकमेसाठी ठाण्याच्या एका पतपेढीचं कर्ज काढावं लागलं, आणि पतपेढीने तारण म्हणून नुसत्या नव्या खोल्या नव्हे, राहतं घरही लिहून घेतलं. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर पतपेढी सगळ्याचाच ताबा घेणार. पद्मजाने ते कलम दोनदा वाचलं आणि मगच भाऊंना सही करू दिली.

मग तिने खर्चाचा अंदाज बांधला. भाऊंच्या लेखी खर्च म्हणजे विटा, चुना, लाकूड आणि सहदेव मिस्त्रीची मजुरी. पद्मजाने त्याखाली बाकीचं मांडलं. घरपट्टी. संडास साफ करणाऱ्याचा पगार. विहिरीवरच्या हातपंपाचा वायसर, जो वर्षातून दोनदा तरी फाटणार. पावसाच्या आधी कौलं चाळायची, फुटकी बदलायची. एखादी खोली महिनाभर रिकामी राहील, त्याचं नुकसान. शेवटी आकडा आला तो असा की दर खोलीला बावीस रुपये भाडं आलं, तर हप्ता जाऊन, खर्च जाऊन चार-पाच रुपये शिल्लक. बावीसच्या खाली गेलं तर तिच्या पगाराला हात घालावा लागणार, आणि तो पगार तर रोजच्या जेवणात जात होता.

"रिकामी खोली कशाला धरतेस हिशेबात?" भाऊ म्हणाले. "अशुभ बोलणं झालं हे."

"शुभ झालं तर पैसे उरतील. उरलेले काही बोचत नाहीत."

छप्पन सालच्या मे महिन्यात खोल्या उभ्या राहिल्या. सिमेंटचं परमिट मिळालं नव्हतं, त्यामुळे आतला गिलावा चुन्याचा, चांगला जाड. दिसायला पांढराशुभ्र, पण ओला. जागा बघायला लोक येत, भिंतीला तळवा लावत, तळव्याचा वास घेत आणि "कळवतो" म्हणून निघून जात. जूनपासून पतपेढीचा हप्ता सुरू होणार होता.

अशात गुणाजी धुरी आला. भाऊंच्याच वेंगुर्ल्याकडचा. आधी लालबागला गिरणीत होता, आता भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. बरोबर बायको रत्नप्रभा आणि तीन मुलं. त्याच्याजवळ बावीस रुपये नव्हते, बारा होते.

भाऊंना तो लगेच पसंत पडला. नवी वास्तू पहिल्या पावसात अंधारात ठेवू नये, असं त्यांच्या गावात मानत. पहिला भाडेकरू लेकुरवाळा असावा, त्याने दिवा लावावा, चूल पेटवावी आणि मालकाने त्याच्याकडून पुरतं भाडं घेऊ नये. घर राहतं केल्याबद्दल तेवढी सवलत त्याची. "माझ्या आजोबांनी पहिल्या कुळाकडून वर्षभर नारळाशिवाय काही घेतलं नव्हतं," भाऊ म्हणाले.

पद्मजाने नारळाचा विचार केला नाही. तिने चुन्याचा केला. चुन्याचा गिलावा नुसता वाळून कडक होत नाही. माणसाच्या श्वासातून आणि शेगडीतून जो वायू बाहेर पडतो तो शोषून घेऊन तो हळूहळू दगड होतो. बंद खोलीत पावसाळाभर तो ओलाच राहणार, बुरशी धरणार. पाच माणसं आणि दोन वेळची शेगडी म्हणजे भिंतीला औषधच. तसं पाहिलं तर गुणाजी भाडंही देणार होता आणि कामही करणार होता.

अशा रीतीने वडिलांचा रिवाज आणि मुलीचं रसायनशास्त्र बारा रुपयांवर एकत्र आले. दसऱ्यापर्यंत बारा, दसऱ्यानंतर बावीस, असं तोंडी ठरलं. भाऊंनी आयुष्यभर पावतीशिवाय पैसा घेतला नव्हता आणि दिला नव्हता. त्यामुळे जून महिना संपताच पावती फाडली गेली. पद्मजाच्या सुबक अक्षरात: खोली नंबर एक, भाडं रुपये बारा.

पावसाळ्यात ती अधूनमधून गुणाजीच्या खोलीत जाई आणि दाराआडच्या भिंतीवर नखाने ओरखडा काढून बघे.

"ताई, भिंतीक खाज येता काय?" रत्नप्रभा हसायची.

गणपतीपर्यंत त्या भिंतीवर नख उमटेनासं झालं. शेजारच्या बंद खोलीत अजून बोट रुतत होतं. पद्मजाला मनातून बरं वाटलं. कागदावर मांडलेलं भिंतीवर खरं झालं होतं. जूनपासूनचे हप्ते तिने स्वतःच्या पगारातून आणि आईच्या पाटल्या मोडून भरले. तेही अंदाजात धरलेलं होतं.

नवरात्रात बाकीच्या तीन खोल्या बावीस रुपयांनी गेल्या. तीन नंबरला चंद्रप्रकाश वैद्य आला, रेल्वेच्या हिशेब खात्यातला कारकून, बोलायला फटकळ. दसरा झाला. गुणाजीने ठरल्याप्रमाणे बावीस रुपये आणून दिले, पावती घेतली. सगळं जिथल्या तिथे बसलं असं पद्मजाला वाटलं आणि त्या महिन्यात तिने पहिल्यांदा स्वतःसाठी एक साडी घेतली.

पुढच्याच रविवारी पंपावर बादल्या लावता लावता चंद्रप्रकाशने गुणाजीला विचारलं, "काय धुरी, तुम्ही सगळ्यात जुने इथले. पहिल्यापासून बावीसच का?"

"नाय ओ. पयले चार म्हयने बारा."

"पावतीवर बारा?"

"होय तर. भाऊंचा काम चोख."

चंद्रप्रकाशने बादली खाली ठेवली. "मग तुम्ही येडे आहात की मालक हुशार आहेत? अहो, भाडेकायदा आहे ना! जागा पहिल्यांदा ज्या भाड्याने गेली, तेच तिचं भाडं. कायमचं. बारा म्हणजे बारा!"

"पण मी शब्द दिलेलो."

"शब्दाला कोर्टात स्टॅम्प लागतो यार."

संध्याकाळी गुणाजी आणि रत्नप्रभा ओटीवर येऊन उभे राहिले. गुणाजी खाली बघत होता. "बाय, माका काय कळना नाय. शब्द दिलेलो तो दिलेलो. पण वैद्य म्हणता तां खरां काय?"

"शब्द ह्येनी दिलो," रत्नप्रभा म्हणाली. "पैशे माझ्या पिशयेतले जातत. ताई, तुमी शिकलेली माणसां. खरां काय तां तुमीच सांगा, आमी आयकतलंव."

पद्मजाला उत्तर माहीत नव्हतं. विटेचा भाव तिने तीन ठिकाणी विचारला होता, कर्जाचं कलम दोनदा वाचलं होतं. भाडं मात्र आपण हिशेबाने ठरवायची गोष्ट आहे असं ती धरून चालली होती. त्याला कायदा असेल आणि तो वाचायला हवा, हे तिला सुचलंच नव्हतं. "मला आठ दिवस द्या," ती म्हणाली. "विचारून सांगते. खोटं सांगणार नाही."

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ती ठाण्याला मार्तंड गुप्ते वकिलांकडे गेली. वकिलांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"बाई, तुमच्या त्या वैद्याचं बरोबर आहे. भाडं माणसाला चिकटत नाही, जागेला चिकटतं. हा धुरी उद्या गेला तरी ती खोली बाराचीच."

"आणि बाकीच्या तीन?"

"त्या पहिल्यांदा बावीसने गेल्या, तेव्हा तसं म्हटलं तर बावीस. पण कोणी अर्ज केला तर जज्ज विचारणार, भिंत तीच, कौल तेच, मग ही बारा आणि ती बावीस कशी? तुम्ही काय सांगणार? गिलावा ओला होता?"

"होता ना ओला."

"आता नाही ना!" वकील हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, गडी साधा दिसतो. त्या चार पावत्या त्याच्याकडून परत घ्यायच्या. म्हणायचं, हिशेबाला हव्यात. त्याच तारखांच्या बावीसच्या नव्या करायच्या, दर महिन्याला दहा रुपये येणं बाकी असं लिहून. अंगठा देईल की सही?"

"सही."

"मग झालंच."

"नाही," पद्मजा म्हणाली. "तसं घडलं नव्हतं."

वकिलांनी तिच्याकडे नीट पाहिलं. वर्गात एखादी मुलगी न विचारता फळ्यापाशी आली तर आपण असंच बघतो, असं तिच्या मनात आलं. "मग तुमच्या हातात काय राहिलं?" ते म्हणाले. "कधीच भाड्याने न दिलेली अशी एखादी जागा आहे का तुमची? गोठा, गॅरेज, काहीही? तिचं भाडं तेवढं तुम्हाला ठरवता येईल."

"नाही," ती म्हणाली, आणि सल्ल्याचे पैसे ठेवून उठली. हा खर्च तिने धरला नव्हता.

घरी आली तेव्हा भाऊ ओटीवर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांच्या मागे दार उघडं होतं आणि दारातून तिन्ही खोल्या एकामागे एक दिसत होत्या. पहिली बैठकीची, मधली भाऊंची, तिसरी तिची. पद्मजा पायरीवरच थांबली.

"काय झालं गं? काय म्हणाला वकील?"

"सांगते. आधी जरा बसते."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून मागच्या रांगेत गेली. गुणाजीला सांगितलं की त्याची खोली बाराचीच, आणि दसऱ्यानंतर घेतलेले जास्तीचे दहा पुढच्या महिन्यात वळते होतील. गुणाजीने हात जोडले. ते तिला आवडलं नाही. रत्नप्रभा म्हणाली, "बघा, मी सांगलंय नाय, ताई खोटां बोलाची नाय." मग पद्मजा बाकीच्या तिन्ही दारांवर गेली. चंद्रप्रकाश भांडणाच्या तयारीने बाहेर आला.

"बाई, मी आधीच सांगतो, आम्ही तिघं मिळून अर्ज—"

"करू शकता. मी वकिलांना विचारून आले आहे. कोर्ट बाराही ठरवील, बावीसही ठेवील, मधलंही काही सांगेल. तोवर तुमच्या रजा जातील आणि माझ्याही. दोघांच्या वकिलांचे पैसे धरले तर दोन वर्षं तरी कोणालाच फायदा नाही. या महिन्यापासून अठरा घेते, पावतीवर अठरा. पटत असेल तर सांगा."

चंद्रप्रकाशच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. ते वायाच गेलं. "म्हणजे... पंधरा नाही?"

"पंधरात संडासवाल्याचा पगार निघत नाही. मग पाळीने तुम्ही करणार का?"

आतून त्याची बायको सुलक्षणा हसली. "घ्या आता, रेल्वेचे साहेब! अहो, हो म्हणा आणि आत या. भात करपतोय."

चंद्रप्रकाशने डोकं खाजवलं. "अठरा तर अठरा. पण पंपाचा वायसर तुमचा हां."

"वायसर माझा," पद्मजा म्हणाली.

बाकीचे दोघेही अठराला तयार झाले. तरी दरमहा सतरा-अठरा रुपयांची खोट राहिली. त्यात मुलुंड मुंबई महापालिकेत जाणार अशी बोलणी जोरात होती आणि घरपट्टी वाढणार असं जो तो म्हणत होता. पाटल्या मोडून झाल्या होत्या. नोव्हेंबरचा हप्ता पगारातून गेला, तेव्हा वाण्याची उधारी राहिली. डिसेंबरचाही तसाच गेला असता, पण जानेवारीचा आणि फेब्रुवारीचा गेला नसता, आणि दोन चुकले की घर जाणार.

तिने भाऊंना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. नंतर तिला वाटलं, जेवण होऊ द्यायला हवं होतं.

"पुढच्या तीन खोल्या आणि ओटी," ती म्हणाली. "भाड्याने देऊ. आपण दोघं स्वयंपाकघर आणि कोठीची खोली घेऊ. कोठी रिकामी केली तर तुमची खाट बसते, मी माप घेतलं आहे. मी स्वयंपाकघरात झोपेन."

भाऊंनी घास ताटात ठेवला. "घरमालक मागच्या दाराने ये-जा करणार?"

"दार आहे तसंच आहे, भाऊ."

"लोक काय म्हणतील?"

"चार महिने म्हणतील. पतपेढीने टाळं लावलं तर जास्त दिवस म्हणतील."

भाऊ ताटातला भात बोटांनी चाळत राहिले. आमटी गार झाली. मग त्यांनी विचारलं, "माझी चूक झाली ना? बारा म्हणालो ते."

"तुम्ही रिवाज सांगितला. हिशेब मी केला होता."

"किती येतील?"

"पंचेचाळीसच्या खाली द्यायची नाही. पहिल्यांदा जे घेऊ ते कायमचं."

"बरं," भाऊ म्हणाले. दोन घास खाल्ले. मग जरा चाचरत, "पण पहिला महिना तरी, बिऱ्हाड नवं असतं, थोडंसं कमी—"

"भाऊ."

"बरं बरं."

जागा बघायला पहिले आले ते नंदकिशोर कारखानीस, एका बँकेतले अधिकारी, घाटकोपरला भावाकडे अडचणीत राहणारे. त्यांना ओटी आवडली, विहिरीचं पाणी आवडलं, स्टेशन जवळ म्हणून पत्नीलाही जागा आवडली. फक्त भिंतींचा रंग उडालेला होता.

"रंगाचं आम्ही बघून घेऊ," ते म्हणाले. "तुम्ही पहिले तीन महिने पस्तीस घ्या. पुढे पंचेचाळीसला माझी ना नाही. रोख देतो, आत्ता."

पाकीट त्यांच्या हातात होतं. जानेवारीचा हप्ता आठवड्यावर आला होता. भाऊंनी पद्मजाकडे पाहिलं आणि मग मुद्दाम अंगणातल्या आंब्याच्या झाडाकडे पाहू लागले.

"रंग मी करून देते," पद्मजा म्हणाली. "भाडं पहिल्या महिन्यापासून पंचेचाळीस."

"अहो, हिशेब तोच झाला की! तुमच्याच खिशातून जाणार."

"माझ्या खिशातून एकदाच जाईल."

कारखानीस विचार करून सांगतो म्हणून गेले. पद्मजाने सहदेव मिस्त्रीला गाठून चुना आणि निळीची सफेदी उधारीवर लावून घेतली. जानेवारीचा हप्ता चुकला. पतपेढीकडून एक छापील कागद आला; तिने तो वाचून भाऊंच्या हाती दिला, लपवला नाही. आणखी दोघे येऊन गेले, एक चाळीसला तयार होता. भाऊंनी एका सकाळी न राहवून म्हटलं, "पद्मा, पाच रुपयांसाठी घर घालवशील गं." ती म्हणाली, "अजून पंधरा दिवस आहेत," आणि शाळेत गेली. त्या दिवशी दहावीच्या वर्गात तिच्या हातून परीक्षानळी फुटली. मुलींना आश्चर्य वाटलं, कारण तिच्या हातून काही फुटत नसे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कारखानीस परत आले. भावाच्या घरी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. भिंतींवरून हात फिरवला आणि पंचेचाळीस रुपये मोजून दिले. पद्मजाने पावती लिहिली, आकडा अक्षरीही लिहिला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला. सोमवारी ती पतपेढीत जाऊन चुकलेल्या हप्त्यातला अर्धा भाग आणि चालू हप्ता भरून आली. उरलेल्याला कारकुनाने एप्रिलपर्यंत मुदत लिहून दिली. वर्षभरात वाण्याची उधारी फिटेल, असं तिने परतताना मनाशी धरलं. पाटल्या परत होतील असं धरलं नाही.

सामान हलवायला गुणाजी आणि चंद्रप्रकाश दोघेही आले. चंद्रप्रकाशने भाऊंची खाट एकट्याने उचलली आणि कोठीच्या दारात अडकवली. मग गुणाजीने ती आडवी करून आत घेतली. आरामखुर्ची काही बसेना. ती विहिरीपाशी ठेवली.

आठेक दिवसांनी एका संध्याकाळी पद्मजा स्वयंपाकघरात वह्या तपासत होती. भाऊ फिरायला गेले होते. फाटक वाजलं, पावलं नेहमीसारखी पुढच्या पायऱ्या चढली आणि ओटीवर काठी टेकल्याचा आवाज आला. मग आत भांडी लावत असलेल्या बाईचा, कारखानिसांच्या आईचा आवाज. त्या घाटकोपरहून आजच आल्या होत्या, भाऊंना ओळखत नव्हत्या.

"कोण पाहिजे आपल्याला?"

पद्मजाचा लाल पेन्सिलीचा हात वहीवर थांबला.

"कोणी नाही," भाऊंचा आवाज आला. "मी मागे राहतो."

पावलं पायऱ्या उतरली आणि घराच्या बाजूने, भिंतीकडेने हळूहळू मागे येऊ लागली. पद्मजा उठली आणि तिने मागचं दार उघडून ठेवलं.